लेक्चरला न बसता क्रेडिट!

अटेंडन्स ७५ टक्क्यांच्या खाली घसरला की आपल्या पोटात गोळा येतो. विषय येतो की नाही, हा प्रश्न नंतरचा! म्हणूनच अमेरिकेतल्या 'क्लेप' परीक्षेबद्दल पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला थापच वाटली. विषय घरी बसून शिकायचा, परीक्षा द्यायची, पास झालात की त्या विषयाचे क्रेडिट्स तुमचे. लेक्चर नाही, सबमिशन नाही, जर्नलवर सही नाही!

कॉलेज बोर्ड ही परीक्षा १९६७ पासून घेतं. कॅल्क्युलसपासून मानसशास्त्रापर्यंत तीसच्या वर विषय, बहुतेक पेपर दीड तासाचे. स्कोअर २० ते ८० मध्ये. ५० मिळाले तर क्रेडिट द्यावं, बहुतेक विषयांना तीन, अशी अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशनची शिफारस आहे. दांडी उडाली तर तीन महिन्यांनी पुन्हा. तिथली बॅचलर डिग्री साधारण १२० क्रेडिट्सची, म्हणजे दहा पेपरांत जवळजवळ एक वर्ष वाचतं. आणि त्या वर्षाची फी! ती तर हजारो डॉलर्समध्ये असते.

पण थांबा. शिफारस म्हणजे हुकूम नव्हे. क्रेडिट द्यायचं की नाही ते डिग्री देणारं कॉलेज ठरवतं. कुणी ५० ला देतं, कुणी जास्त मागतं, कुणी देतच नाही. दुसऱ्या कॉलेजातून आणलेल्या क्रेडिट्सचंही तसंच. साठ आणलेत आणि त्यातले वीस इलेक्टिव्हमध्ये ढकलले, तर कोअर विषय राहिलेच ना! म्हणून तिथली हुशार मंडळी उलटी सुरुवात करतात: आधी कॉलेज, मग डिग्रीचा तक्ता, परीक्षा सगळ्यात शेवटी. न्यू जर्सीचं थॉमस एडिसन, कनेक्टिकटचं चार्टर ओक अशा संस्था १९७० च्या दशकात मोठ्या वयाच्या विद्यार्थ्यांसाठीच निघाल्या. त्या बाहेरचे क्रेडिट्स सढळ हाताने घेतात.

इंजिनिअरिंगवाल्यांनी मात्र फार उड्या मारू नयेत. गणित, केमिस्ट्री सुटेल, पण क्लेपमध्ये इंजिनिअरिंगचा पेपरच नाही. लॅब कुठल्या पेपरात बसवणार?

आपल्याकडे यूजीसीने २०२१ मध्ये अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स आणली. तिच्या नियमांतही निम्मे तरी क्रेडिट्स डिग्री देणाऱ्या संस्थेतूनच हवेत. माझ्या रूममेटने बारा आठवडे एक ऑनलाइन कोर्स केला, परीक्षा दिली, सर्टिफिकेट भिंतीवर चिकटवलं. क्रेडिट? शून्य. विषय आमच्या यादीतच नव्हता, आणि ती यादी रजिस्ट्रेशनच्या आधीपासून नोटीस बोर्डवर लागलेली होती.