तासिकेत मावेल एवढा योग
(लेखमाला : अभ्यासक्रमाचे कारागीर, लेखांक ५)

अभ्यासक्रम आणि पाठ्यपुस्तक यांतला फरक गेल्या आठवड्यात पाहिला. आता प्रश्न असा, की अभ्यासक्रम घडवण्याचे काम करायला माणूस कसा लागतो? ‘विषयातला सर्वांत जाणकार’ हे उत्तर चटकन सुचते, पण ते अपुरे आहे. विषय तर यायलाच हवा. कसब मात्र पुढे लागते. विषयातले काय गाळायचे, उरलेले कोणत्या क्रमाने मांडायचे आणि ते सर्वसाधारण शिक्षकाच्या हाती कसे द्यायचे, हे ठरवण्यात ते असते. याचा दाखला मावळातच, लोणावळ्यात सापडतो.

स्वामी कुवलयानंद, म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे (१८८३–१९६६), बडोद्याला माणिकरावांच्या तालमीत व्यायाम शिकले, अमळनेरला शिक्षक म्हणून राबले आणि १९२४ साली त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम काढले. ‘योगमीमांसा’ हे नियतकालिकही त्याच वर्षीचे. उड्डियान आणि नौली या यौगिक क्रिया करताना पोटात काय घडते, हे ते क्ष-किरण आणि दाबमापक लावून तपासत होते. योगातल्या जाणकारीत ते कोणाला हार जाणारे नव्हते. पण १९३०च्या दशकात योग शाळांत नेण्याचा प्रश्न आला, तेव्हा हे सारे ज्ञान जसेच्या तसे उपयोगी नव्हते. परंपरेने योग गुरूसमोर बसून, एकेकट्याने, निवांत शिकायचा. शाळेत मात्र एक ड्रिल मास्तर, समोर मैदानभर पोरे आणि डोक्यावर तासाची घंटा. मग ‘यौगिक संघ व्यायाम’ आकाराला आला. त्यात एकेक क्रिया हुकमांत आणि अंकांत तोडलेली आहे : सज्ज व्हा, या अंकाला वाका, या अंकाला मूळ जागी या. ज्याने स्वतः योगाचा फारसा अभ्यास केलेला नाही, अशा शिक्षकालाही मुलांच्या रांगा सांभाळून हा व्यायाम घेता यावा, ही त्यामागची दृष्टी. अभ्यासक्रम घडवणे म्हणतात ते हेच.

‘यात योग उरला कुठे, ही तर कवायत झाली,’ हा आक्षेप पोकळ नाही. हुकमावर वाकणाऱ्या मुलाला अंतर्मुखता लाभत नाही, हे मान्यच करावे लागते. पण तुलना कशाशी करायची? गुरूपाशी वर्षानुवर्षे राहणाऱ्या साधकाशी केली तर ही योजना तोकडीच दिसणार. ज्याला एरवी योगाचा वाराही लागला नसता, त्या मुलाशी केली तर हिशेब बदलतो. शिवाय सखोल शिक्षणाची वाट कुवलयानंदांनी बंद केली नाही. लोणावळ्यातच पुढे योगाचे महाविद्यालय निघाले. गाळलेला भाग कुठे शिकता येईल याची सोय ठेवणे, हेही आराखड्याचेच काम. आणि नुसता आराखडा पुरत नाही, तो शिकवणारे शिक्षकही तयार करावे लागतात. मुंबई सरकारने १९३७ मध्ये त्यांच्याच अध्यक्षतेखाली शारीरिक शिक्षण समिती नेमली आणि १९३८ मध्ये कांदिवलीला शिक्षक तयार करणारी संस्था उभी राहिली. शिक्षक-प्रशिक्षणाविना आलेल्या ‘नव्या अभ्यासक्रमां’चे काय होते, ते आपण अधूनमधून पाहतोच.

दुसरा आक्षेप वर्गातून येतो : पुण्यात बसून आखलेला अभ्यासक्रम अंदर मावळातल्या द्विशिक्षकी शाळेत कसा चालणार? तिथे एक गुरुजी दोन-तीन इयत्ता एकत्र सांभाळतात, एका गटाला गणित देऊन दुसऱ्याला वाचायला बसवतात. आणि भातलावणीच्या दिवसांत, मुसळधार पावसात, हजेरी रोडावते. आक्षेप रास्त आहे, पण निष्कर्ष उलटा निघतो. अशा शिक्षकाला आराखड्याची गरज सर्वांत जास्त असते, फक्त त्या आराखड्याने बहुवर्ग अध्यापन गृहीत धरलेले हवे आणि वेळ कमी पडला तर कोणता पाठ सोडला तरी चालेल हेही सांगायला हवे. हे शेवटचे सांगायला आपल्याकडचे तज्ज्ञ फार कचरतात.

म्हणून या कामात उतरू पाहणाऱ्याने डी.एल.एड. (पूर्वीचे डी.एड.) किंवा बी.एड.नंतर निदान काही वर्षे वर्गात काढावीत. मग शिक्षणशास्त्रातले एम.ए., आणि बालभारती, एससीईआरटी किंवा जिल्ह्याच्या ‘डाएट’मध्ये पाठलेखन, पाठ तपासणे, तासिका पाहून टिपणे काढणे अशी छोटी कामे. अशा संस्थांतल्या कायम जागा थोड्या असतात, त्यांच्या आशेवर बसू नये. आता स्वयंसेवी संस्था, शैक्षणिक ॲप बनवणाऱ्या कंपन्या आणि कारखान्यांचे प्रशिक्षण विभाग यांनाही हे कसब लागते. लोणावळ्याचे आयएनएस शिवाजी हे प्रशिक्षण केंद्र १९४५ पासून नौदलाचे तंत्रज्ञ घडवते आहे. तळेगावच्या कारखान्यांत नव्या कामगाराला यंत्रावर उभे करायचे तर तिथेही कोणीतरी आधी ठरवावे लागते, की पहिल्या दिवशी त्याला काय सांगायचे आणि काय मुद्दाम सांगायचे नाही. अर्ज करताना पदव्यांच्या यादीसोबत स्वतः रचलेली, वर्गात चालवलेली आणि मग दुरुस्त केलेली एक पाठमालिका जोडावी, आधीचा खर्डाही ठेवावा. नेमणूक करणारा समंजस असेल, तर तो त्यातल्या खाडाखोडी आधी वाचेल.