शत्रूच्या लेकरांचा घास

शत्रूवर प्रीती करावी ही ख्रिस्ताची शिकवण वारंवार उच्चारली जाते आणि क्वचितच आचरली जाते. एखाद्या संतपुरुषास ते साधेल, राष्ट्राराष्ट्रांच्या व्यवहारात मात्र तिला स्थान नाही, असाच व्यवहारी माणसांचा अभिप्राय असतो. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत जे घडले, ते या अभिप्रायाचा फेरविचार करावयास लावणारे आहे.

नोव्हेंबर 1918 मध्ये युद्धबंदी झाली, तरी दोस्त राष्ट्रांनी जर्मनीची केलेली नाकेबंदी पूर्णपणे उठण्यास जुलै 1919 उजाडावा लागला. तोफा थंडावल्या होत्या. भूक थंडावली नव्हती. पराभूतांकडून नुकसानभरपाई कशी वसूल करावी याचीच चर्चा जेत्यांच्या राजधान्यांत चालू होती. 1921 मध्ये तिचा आकडा 132 अब्ज सुवर्ण मार्क असा ठरला. असा बोजा अखेर साऱ्या युरोपलाच पेलवणार नाही, हा इशारा अर्थशास्त्रज्ञ केन्स यांनी 1919 मध्येच दिला होता. तो ऐकण्याच्या मनःस्थितीत कोणी नव्हते.

त्याच वर्षी लंडनमध्ये एग्लंटाइन जेब या बाईंना अटक झाली. ऑस्ट्रियातील उपाशी मुलांची छायाचित्रे असलेली पत्रके परवानगीवाचून वाटली, हा त्यांचा अपराध. न्यायालयाने पाच पौंड दंड केला आणि सरकारी वकिलांनी ती रक्कम स्वतःच्या खिशातून दिली, असे सांगतात. ‘सेव्ह द चिल्ड्रन’ ही संस्था याच चळवळीतून उभी राहिली.

त्याहून मोठे काम क्वेकर पंथीयांनी केले. युद्धात शस्त्र धरण्यास धर्मश्रद्धेने नकार देणाऱ्या या लहानशा ख्रिस्ती पंथाच्या अमेरिकेतील अनुयायांनी 1917 मध्ये सेवासमिती स्थापन केली होती. क्वेकर कुटुंबातच वाढलेल्या हर्बर्ट हूव्हर यांनी जर्मन मुलांच्या अन्नवाटपाचे काम तिच्यावर सोपविले आणि 1920 च्या आरंभी ते सुरू झाले. डॉक्टरांनी मुले तपासावीत, सर्वांत अशक्त मुले निवडावीत आणि त्यांना शाळेत रोज एक वेळचे पूरक अन्न द्यावे, अशी पद्धत होती. पीठ व साखर यांचा वाटा जर्मन सरकारने उचलला. स्वयंपाकघरे स्थानिक स्वयंसेवकांनी चालविली. 1921 मध्ये एक वेळ अशी आली, की दररोज सुमारे 10 लाख मुले जेवत होती. शत्रूप्रेम येथे केवळ भावना राहिले नव्हते. त्याला कोठार, हिशेबवही आणि वेळापत्रक लाभले होते.

येथे एक आक्षेप उपस्थित होतो. ज्या मुलांना 1921 मध्ये सूप मिळाले, त्यांतील कित्येक 1939 मध्ये सैनिकी गणवेशात होती. मग या दयेचे फळ काय? आक्षेप गंभीर आहे. 1938 च्या अखेरीस तीन अमेरिकन क्वेकर बर्लिनमध्ये गेस्टापोच्या कचेरीत गेले. पूर्वीच्या अन्नवाटपाची आठवण देऊन त्यांनी ज्यूंना मदत करण्याची परवानगी मागितली. ती मिळाली; तथापि पुढचा नरसंहार त्यामुळे टळला नाही, हे नाकारण्यात अर्थ नाही.

परंतु नाझींना बळ मिळाले ते पराभवाच्या अपमानातून, बेकारीतून व सूडाच्या राजकारणातून. शाळेतल्या त्या वाटीतून नव्हे. शिवाय येशूच्या आज्ञेत परतफेडीचे आश्वासन नाही. ज्याच्याकडून काही परत येणार नाही, त्यालाही द्यावे, असेच ती सांगते. गुंतवणूक आणि दान यांत फरक आहे तो हाच. म्हणूनच 1945 नंतर जर्मनी पुन्हा उद्ध्वस्त झाली, तेव्हा क्वेकर पुन्हा तेथे गेले. 1947 चे शांततेचे नोबेल पारितोषिक त्यांच्या ब्रिटिश व अमेरिकन सेवासंस्थांना विभागून मिळाले.

शत्रुत्व संपल्यावर दया दाखविणे फारसे कठीण नसते. शत्रुत्व धगधगत असताना समोरच्याचे मूल आपल्या वैराच्या हिशेबातून वगळणे, ही खरी कसोटी होय. ती युरोपातील रणभूमीवर जितकी लागते, तितकीच दंगलीनंतरच्या आपल्या गल्लीतही लागते.