परक्या शहरात बिऱ्हाड मांडताना

मे महिना सरत आला की आमच्या घरचा फोन जरा जास्तच वाजू लागतो. नांदेडचा भाचा, लातूरच्या शेजाऱ्यांची सून, इंदूरच्या मामांचा नातू, कोणाला ना कोणाला हैदराबादेत नोकरी लागलेली असते आणि प्रश्न ठरलेला असतो : "काका, घर कुठल्या भागात बघू?" आपल्यापैकी प्रत्येकाचे उत्तरही ठरलेले असते. काचीगुड्याचा माणूस काचीगुडा सांगतो, बरकतपुऱ्याचा बरकतपुरा. आणि ज्याने गेल्या दसऱ्याला कोंडापुरास फ्लॅट घेतला, तो कोंडापूरखेरीज या शहरात राहण्याजोगी जागाच नाही असे छातीठोकपणे सांगतो. आपण खरे तर आपल्याच घराची तरफदारी करीत असतो. मीही वर्षानुवर्षे अशीच उत्तरे दिली आणि एकदा स्वतःच्याच सल्ल्याने फसलो. तो प्रसंग पुढे सांगणारच आहे. न्यासाच्या स्मरणिकेत हा विषय घ्यावा असे चिटणिसांनी सुचविले, तेव्हा म्हटले, एकदाच सविस्तर लिहून ठेवावे. म्हणजे पुढच्या पाहुण्याच्या हाती हे पानच देता येईल.

आपली वडीलधारी मंडळी सुलतान बाजार, ईसामिया बाजार, बडी चावडी, काचीगुडा याच टापूत का राहिली, हे तरुण सभासदांना ठाऊक असतेच असे नाही. सुलतान बाजार म्हणजे पूर्वीचा रेसिडेन्सी बाजार. १९३३ पर्यंत तेथे ब्रिटिश रेसिडेंटचा अंमल होता, त्यामुळे सभा भरविणे, बोलणे-लिहिणे यांना निजामी हद्दीपेक्षा तेथे मोकळीक अधिक. जवळच जांबागेत विवेकवर्धिनी शाळा, हाकेच्या अंतरावर मराठी ग्रंथसंग्रहालय, आणि १९१६ मध्ये बांधलेले काचीगुड्याचे स्टेशन, जेथून मनमाडच्या वाटेवरची गाडी धरता येई. शाळा, पुस्तके, गावची गाडी आणि चार माणसांत बोलण्याची मुभा, एवढे पाहून त्यांनी जागा निवडली होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात गेला, तरी बरीच कुटुंबे येथून हलली नाहीत, त्याचे कारणही हेच असावे.

आता पोटापाण्याचे ठिकाण सरकले आहे. १९९८ मध्ये माधापूरला सायबर टॉवर्सचे उद्घाटन झाले आणि त्यानंतर कचेऱ्या पश्चिमेस वाढतच गेल्या. हायटेक सिटी, गच्चीबावली, नानकरामगुडा. काचीगुड्याहून हे अंतर पंधरा-वीस किलोमीटर भरते. म्हणजे शाळा-स्टेशन-ग्रंथसंग्रहालय एका टोकाला आणि पगार दुसऱ्या टोकाला. नव्याने येणाऱ्याची सगळी ओढाताण येथून सुरू होते.

आता माझी गोष्ट. २०१६ मध्ये मी कचेरीच्या जवळ म्हणून कोंडापूरच्या बाजूस अकराव्या मजल्यावर फ्लॅट भाड्याने घेतला. बरकतपुऱ्याचे आमचे राहते पोर्शन सोडले. (घराचा एखादा मजला किंवा भाग भाड्याने देतात त्यास येथे 'पोर्शन' म्हणतात, बाहेरून आलेल्याने हा शब्द लक्षात ठेवावा, फाटकावरच्या पाट्यांवर तोच दिसतो.) मला कचेरी दहा मिनिटांवर आली. सौभाग्यवतींना स्वयंपाकघर मोठे मिळाले. मुले पोहण्याच्या तलावावर खूष. आईला काय मिळाले, याचा हिशेब मात्र कोणी केला नव्हता. बरकतपुऱ्यास ती सकाळी देवळात जाई, येताना तीन भाजीवाल्यांकडे भाव विचारून चौथ्याकडे घेई, संध्याकाळी भजनी मंडळाच्या बायकांबरोबर कट्ट्यावर बसे. तिची दखनी हिंदी सगळ्या गल्लीला कळे. वर अकराव्या मजल्यावर भाजी दारात येई आणि शेजारची दारे दिवसभर बंद. चार-पाच महिन्यांनी, जिला सगळ्या एकादश्या तोंडपाठ, ती आई मला विचारू लागली, "आज वार कोणता रे?" डॉक्टरांनी तपासून काही दोष नाही म्हणून सांगितले. चौदा महिन्यांनी आम्ही परत बरकतपुऱ्यास आलो. तेव्हा मेट्रो हायटेक सिटीपर्यंत पोहोचायची होती. ती मार्च २०१९ मध्ये पोहोचली. तोवर मी रोज येताजाता तीन तास बसमध्ये काढले. आई मात्र महिन्याभरात भाजीवाल्याशी पुन्हा भांडू लागली.

तेव्हापासून विचारणाऱ्याला मी प्रथम कागद घ्यायला सांगतो. घरातील प्रत्येक माणसाचे नाव लिहावे आणि तो आठवड्यात कोठे, किती वेळा, कशाने जाणार ते समोर मांडावे. कमावत्याची रांग आपोआप भरते. जो घराबाहेर कमी पडतो त्याची रांग रिकामी दिसते, आणि बिऱ्हाड कोठे मांडावे हे बरेचसे त्या रिकाम्या रांगेवरून ठरते. ज्याला वाहन चालवता येत नाही, ज्याला येथील भाषा येत नाही, त्याच्या पायांना झेपेल एवढ्या अंतरात देऊळ, दवाखाना, किराणा आणि बोलायला एखादे माणूस असलेच पाहिजे. उलट नवराबायको दोघेही नोकरीला, घरी कोणी म्हातारे नाही, अशांना केवळ मराठी कानावर पडावी म्हणून काचीगुड्यास ओढून आणणे हा आपला स्वार्थ झाला. त्यांनी पश्चिमेसच राहावे आणि गणेशोत्सवाला इकडे यावे.

अंतराचा हिशेब नकाशावर करू नये. कोटीच्या उस्मानिया मेडिकल कॉलेज स्थानकावर मेट्रोच्या लाल मार्गाची गाडी धरली, अमीरपेठेस निळ्या मार्गाची गाडी घेतली, की हायटेक सिटी गाठता येते. गाडीतला वेळ फार नाही. पण घरापासून स्थानक, अमीरपेठेचे जिने, उतरल्यावरची रिक्षा, सगळे मिळून सव्वा तास धरावा. शिवाय निळा मार्ग रायदुर्गला संपतो. 'हायटेक सिटीत नोकरी' म्हणून सांगणाऱ्यांपैकी कित्येकांची कचेरी प्रत्यक्षात नानकरामगुड्यास असते. तेथे मेट्रो नाही. तेव्हा नेमणूकपत्रावरचा पत्ता नीट वाचावा. मधला मार्ग म्हणून मला अमीरपेठ आणि संजीवरेड्डीनगर हा भाग बरा वाटतो. दाटी आहे, गोंगाट आहे, पण अमीरपेठेस दोन मार्ग मिळत असल्याने नवऱ्याची कचेरी एकीकडे आणि बायकोची दुसरीकडे असली तरी जमते. काचीगुड्याहून लिंगमपल्लीकडे एम.एम.टी.एस.ची लोकलही जाते. स्वस्त आहे, पण फेऱ्या कमी, म्हणून तिच्या भरवशावर घर घेऊ नये.

आता पाण्याविषयी. बाहेरून येणारा यास सर्वांत कमी महत्त्व देतो आणि पुढे सर्वांत जास्त तक्रार याचीच करतो.

हैदराबादेस पाणी दोन तऱ्हांनी छळते : नको तेव्हा घरात शिरते आणि हवे तेव्हा नळाला येत नाही. २८ सप्टेंबर १९०८ च्या मुशी नदीच्या पुरात हजारो माणसे गेली. त्यानंतर विश्वेश्वरय्यांना बोलावून घेतले गेले, आणि त्यांच्या योजनेतून उस्मानसागर १९२० मध्ये व हिमायतसागर १९२७ मध्ये पुरा झाला. त्यामुळे नदीस लगाम बसला, तरी ती अगदीच गप्प बसत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये या दोन तलावांचे दरवाजे उघडल्यावर महात्मा गांधी बसस्थानकात पाणी शिरले, हे सर्वांच्या स्मरणात असेल. पण १३ ऑक्टोबर २०२० च्या रात्री जे झाले, त्यात नदीपासून दूर असलेल्या वसाहतीही बुडाल्या. कारण समजून घेण्यासारखे आहे. या पठारावर पूर्वीच्या लोकांनी तलावांच्या साखळ्या बांधल्या. वरचा तलाव भरला की त्याचे जादा पाणी नाल्याने खालच्या तलावात, तेथून त्याच्या खालच्यात. कालांतराने मधले तलाव बुजले, नाले अरुंद झाले, त्यावर घरे आली. मोठा पाऊस आला की पाणी आपली जुनी वाट धरते, आणि त्या वाटेवर आता कोणाचा तरी दिवाणखाना असतो.

यावर एक सोपा उपाय म्हणजे जागेचे नाव ऐकावे. तेलुगूत 'चेरुवु' म्हणजे तलाव आणि 'कुंटा' म्हणजे तळे. नावात हे शब्द आले की विचारावे, तळे आता कोठे आहे? मासाब टँक हे नाव आपण रोज घेतो, तेथे तलाव कोणी पाहिला आहे? नाव नसले तर जुन्या घरांच्या भिंती पाहाव्यात. रंगाखालून पाण्याची रेघ दिसते. तळमजल्याच्या उंबऱ्यावर हातभर उंच कठडा बांधलेला दिसला तर तो शोभेसाठी नसतो. आणि चौकशी घरमालकापाशी न करता कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्यापाशी करावी.

घर विकत घ्यायचे असेल तर याहून पुढे जावे लागते. तलाव काठोकाठ भरला असता पाणी जेथवर पोहोचते त्या रेषेस एफ.टी.एल. म्हणतात. त्या रेषेच्या आत बांधकामास परवानगी नाही, आणि दहा हेक्टर किंवा त्याहून मोठ्या तलावाच्या बाबतीत रेषेबाहेरचे आणखी ३० मीटर मोकळे ठेवावे लागतात. जुलै २०२४ मध्ये तेलंगण सरकारने 'हायड्रा' ही यंत्रणा उभी केल्यापासून अशी कित्येक बांधकामे पाडली गेली. खरेदीखत हाती आहे, घरपट्टी भरली आहे, बँकेने कर्ज दिले आहे, म्हणून जागा निर्धोक असे समजू नये. तलावाच्या नकाशाशी सर्व्हे नंबर ताडून पाहणारा वकील गाठावा. त्याची फी वाचवू नये.

पिण्याच्या पाण्याचे निराळे. मालकाला विचारताना "पाणी आहे का?" असे विचारू नये, "आहे" हेच उत्तर येते. "मंजीरा किती दिवसांनी आणि किती वाजता?" असे विचारावे. नळाच्या पाण्यास येथे सरसकट मंजीराच म्हणतात, मग ते कृष्णेचे असो वा गोदावरीचे. त्यानंतर संप केवढा, बोअर किती खोल, आणि एप्रिल-मे महिन्यांत टँकर किती आले व त्यांचे पैसे कोण देतो, हेही विचारावे. शहराखाली करडा-गुलाबी ग्रॅनाइट आहे. तो अखंड दगड पाणी साठवत नाही. वरच्या झिजलेल्या थरात आणि दगडाच्या भेगांत असेल तेवढेच पाणी. त्यामुळे एका घराच्या बोअरला पाणी आणि लागूनच्या घराची कोरडी, असे घडते. शेजाऱ्याच्या बोअरवरून अंदाज बांधणे फोल. पश्चिमेकडील मोठमोठ्या इमारतींत उन्हाळ्यात टँकरची रांग लागते, आणि तो खर्च देखभालीच्या बिलात दडलेला असतो. मागील मे महिन्याचे बिल दाखवा म्हणावे.

शाळेविषयी थोडक्यात. २०१८ च्या कायद्याने तेलंगणात सर्व मंडळांच्या शाळांत दहावीपर्यंत तेलुगू शिकवावी लागते. मधल्या इयत्तेत आलेल्या मुलास हे जड जाते, म्हणून शाळा निवडताना नवागतांसाठी काय सोय आहे ते विचारावे. पण त्याचा बाऊही करू नये. आपली मुले दोन पावसाळ्यांत तेलुगू बोलू लागतात. अडते ते आईबापांचे. पाच-पन्नास शब्द शिकून घेतले तर भाजी स्वस्त मिळते की नाही ते सांगता येत नाही, पण शेजारीण दार उघडते.

राहता राहिली 'आपल्या माणसांत' राहण्याची गोष्ट. आमच्या पिढीस ती फार मोलाची वाटते. माझे मत थोडे बदलले आहे. पहिले अकरा महिने ओळखीच्या माणसाच्या जवळपास भाड्याने काढावेत. अनामत येथे बेंगळुरूसारखी अवाच्या सवा नसते, सहसा दोन-तीन महिन्यांच्या भाड्याएवढी. त्यामुळे जागा बदलण्यात फारसे नुकसान नाही. त्या अकरा महिन्यांत एक उन्हाळा आणि एक पावसाळा पाहून होतो. मग विकत घेण्याचा विचार. घर पाहायला आल्याबरोबर बयाणा देऊन जाणारे पाहुणे मी पाहिले आहेत. हे बहुधा रविवारी सकाळी येतात. रविवारी सकाळी हे सगळे शहरच सुंदर दिसते. निवड पक्की करण्यापूर्वी त्याच गल्लीत एकदा कामाच्या दिवशी सकाळी नऊ वाजता, एकदा रात्री दहा वाजता आणि जमल्यास भर पावसात उभे राहावे. रात्री दहाला आपल्या मुलीस बसथांब्यापासून घरापर्यंत एकटीने येता येईल का, याचे उत्तर तेथे उभे राहिल्याशिवाय मिळत नाही.

आता पाहुण्याने हे सर्व करायचे म्हणजे त्यास पंधरा दिवस तरी कोठे टेकावे लागणार. हॉटेलात राहून कोणी पावसात नाले पाहत हिंडणार नाही. पूर्वी प्रत्येक वाड्यात एखादी खोली गावाकडच्या विद्यार्थ्यासाठी राखलेली असे. माझे वडील तसल्याच एका खोलीत राहून शिकले. आज आपल्या पुष्कळ सभासदांची मुले परदेशी आहेत आणि घरात एखादी खोली बंद पडून आहे. अशी खोली पंधरा दिवसांपुरती देण्याची ज्यांची तयारी असेल, त्यांनी जून उजाडण्यापूर्वी न्यासाच्या कचेरीत नाव नोंदवावे. वही ठेवली आहे. पहिल्या पानावर बरकतपुऱ्याची आमची आईची खोली लिहिली आहे.