माणशी तीन किलो कोळी

जगातल्या सगळ्या कोळ्यांचं वजन शास्त्रज्ञ अडीच कोटी टन धरतात. ८०० कोटी माणसांत वाटणी केली, तर माणशी तीन किलोंवर कोळी येतात. २०११च्या जनगणनेत भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या होती १२,००,३३४. म्हणजे जिल्ह्याचा वाटा साडेतीन हजार टनांहून जास्त, आणि तोही जवळजवळ सगळा विषारी! नोंद झालेल्या ५० हजारांवर जातींमध्ये विषग्रंथीच नाहीत अशा अगदी मोजक्या.

तरी घरोघरी माणसं निवांत झोपतात, कारण हे विष किड्यांच्या मापाचं आहे. कोळी वर्षाला ४० ते ८० कोटी टन भक्ष्य फस्त करतात. अख्खी माणूसजात मांस-मासळी खाते ती साधारण ४० कोटी टन. धानाच्या बांधीतला एक लांडगा-कोळी दिवसाला ५ ते १५ तुडतुडे उडवतो.

घरातले नेहमीचे तिघे ओळखायला सोपे. आढ्याला उलटा लटकणारा काडीपायी, खिडकीत टुणकन उडी मारणारा बुटका आणि रात्री भिंतीवर पंजाएवढा पसरलेला, झुरळं मारणारा. त्याची मादी चपटी अंडपिशवी पोटाखाली धरून पळते. तिघांपासूनही जिवाला धोका नाही.

जपायचं ते दोघांपासून. एक चकचकीत काळा, पोटावर लाल खूण असलेला. २००१ साली त्याची नोंद गुजरातच्या बडोदा जिल्ह्यात, कापसाच्या शेतात झाली. दुसरा तपकिरी, आठऐवजी सहाच डोळे आणि पाठीवर व्हायोलिनसारखी खूण. पण हेही अंगावर धावून येत नाहीत. अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या एका घरात २००१ साली सहा महिन्यांत असे २,०५५ तपकिरी कोळी पकडले गेले. त्या घरात वर्षानुवर्षं राहणाऱ्या चौघांपैकी एकालाही तोवर विषबाधा झालेली नव्हती.

भारतात सर्पदंशाने मात्र वर्षाला अंदाजे ५८ हजार माणसं दगावतात. मण्यार रात्री, खाली अंथरूण टाकून झोपलेल्याला चावते. दुखत नाही, खूणही धड दिसत नाही. सकाळी पोटात कळा, पापण्या जड, घोट गिळवत नाही, अशा वेळी ‘कोळी चावला असेल’ म्हणून हळद लावत बसू नये. तडक रुग्णालय गाठावं. आणि पावसाळाभर खाटेवर, मच्छरदाणी गादीखाली नीट खोचून झोपावं. जाळं झाडायचं राहिलं तरी चालेल.