एक हात मोकळा: सहकुटुंब अंदमानसाठी बॅग भरताना

विमानतळावर सामान ढकलायला ट्रॉली मिळते आणि हॉटेलच्या दारात बॅग उचलायला माणूस पुढे येतो. या दोन ठिकाणांच्या मध्ये जेटी असते. अंदमानला निघणारी कुटुंबे बॅगा भरताना नेमकी तिला विसरतात. बोट धक्क्याला लागलेली असते, पण स्थिर नसते. लाटेबरोबर ती वीतभर वर येते, वीतभर खाली जाते, आणि तिच्या कडेपासून धक्क्यापर्यंत टाकलेली फळी तिच्याबरोबर हलते. त्या फळीवरून चार वर्षांच्या मुलाचे मनगट धरून उतरायचे, मागून येणाऱ्या आजींना हात द्यायचा आणि बोटीत रचलेल्या ढिगातून आपल्या बॅगा ओळखून काढायच्या. पुढे उन्हातून धक्क्याच्या टोकापर्यंत चालत जायचे ते वेगळेच. देशांतर्गत विमानात साधारणपणे माणशी १५ किलो सामान चालते, म्हणजे चौघांचे ६० किलो. पण त्या चौघांत सामान उचलू शकणारे हात चारच असतात आणि त्यांतला निदान एक मुलासाठी मोकळा लागतो. बेटावरच्या सहलीचे सामान विमान कंपनीच्या वजनकाट्यावर ठरवू नये, या मोकळ्या हातावर ठरवावे, असे माझे ठाम म्हणणे आहे. एकदा हे मान्य केले की काय घ्यायचे आणि काय घरी ठेवायचे, हे प्रश्न बरेच सोपे होतात.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: आता तिथे सगळे मिळते, मग एवढा विचार कशाला? पोर्ट ब्लेअरपुरते हे खरे आहे. २०२४ पासून त्या शहराचे अधिकृत नाव श्री विजयपुरम. तिथल्या अ‍ॅबर्डीन बाजारात टोप्या, चपला, टॉवेल, साबण, डायपर, छत्र्या असे सगळे मिळते, म्हणूनच या वस्तूंचा साठा इथून वाहून नेऊ नये. पण सहलीतल्या दोन-तीन रात्री सहसा हॅवलॉक आणि नील या बेटांवर जातात. २०१८ मध्ये त्यांचे नामकरण स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप असे झाले. तिथे दुकाने मोजकी आहेत, औषधांची त्याहून मोजकी. जी. बी. पंत रुग्णालय पोर्ट ब्लेअरमध्ये आहे आणि मधे समुद्र आहे. वेगवान बोटीलाही हॅवलॉक गाठायला दीड-दोन तास लागतात आणि रात्री प्रवासी बोटी सुटत नाहीत. म्हणून प्रत्येक वस्तू हातात घेतल्यावर एकच प्रश्न विचारावा: धाकट्या बेटावर अंधार पडल्यानंतर ही जवळ नसली, तर गैरसोय होईल की अपाय होईल? गैरसोय होणार असेल तर ती वस्तू खुशाल घरी राहू द्या. अपाय होणार असेल तर ती बॅगेत हवी, आणि तीही निदान दोन दिवस जास्त पुरेल एवढी. कारण ऑक्टोबर ते डिसेंबर हे बंगालच्या उपसागरातल्या चक्रीवादळांचे दिवस, आणि आपली दिवाळीची सुट्टी नेमकी त्यातच येते. डिसेंबर २०१६ मध्ये वादळामुळे बोटी बंद पडल्या आणि हजाराहून अधिक पर्यटक हॅवलॉकवर अडकले. शेवटी त्यांना आणायला नौदलाची जहाजे पाठवावी लागली. असा प्रसंग क्वचित येतो, पण एखाद-दुसऱ्या दिवसाची बोट रद्द होणे मुळीच क्वचित नाही.

कपड्यांचा विचार करताना आधी घड्याळ पाहावे. अंदमान आपल्यापासून खूप पूर्वेला आहे, तरी घड्याळ भारतीय वेळेचेच चालते. त्यामुळे नोव्हेंबरच्या सुरुवातीला तिथे सूर्य सव्वापाचच्या सुमारास उगवतो आणि संध्याकाळचे पाच वाजायच्या आत मावळतो. त्या दिवसांत मुंबईत सूर्यास्ताला सहा वाजून जातात. याचा व्यवहारातला अर्थ असा की सूर्य डोक्यावर येतो तो अकराच्या सुमारास. मुंबईच्या सवयीने ‘दहाचे कोवळे ऊन’ म्हणून मुलांना पाण्यात सोडले, तर त्यांच्या पाठीवर प्रत्यक्षात सव्वाअकराचे ऊन पडत असते. त्यात अंदमान विषुववृत्ताच्या अधिक जवळ, साडेअकरा अंश अक्षांशावर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार कोरडी वाळू अतिनील किरणांपैकी सुमारे १५ टक्के आणि समुद्राचा फेस सुमारे २५ टक्के किरण परतवतो, आणि अर्धा मीटर पाण्याखालीही पृष्ठभागावरच्या किरणांपैकी ४० टक्के पोचतात. छत्रीखाली बसलेले मूल, किंवा पाण्यात तोंड घालून मासे बघणारे मूल, सुरक्षित आहे असे आपल्याला उगाच वाटत असते.

म्हणून पोहण्यासाठी पूर्ण बाह्यांचा, दाट विणीचा नायलॉन किंवा पॉलिस्टरचा शर्ट आणि गुडघ्याखाली जाणारी चड्डी, असा प्रत्येकी एक जोड घ्यावा. माझ्या हिशेबात कपड्यांतली ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. आपण पाण्यात जायला जुना सुती टी-शर्ट काढून ठेवतो. पांढरे पातळ सुती कापड मुळात बेताचेच संरक्षण देते आणि भिजल्यावर तेही घटते. शिवाय ते अंगावर वाळत नाही. या पोहण्याच्या शर्टाने क्रीमचे वजनही वाचते. मोठ्या माणसाच्या सर्वांगाला सनस्क्रीन नीट लावायचे तर एका वेळेस सुमारे ३० मिली लागते आणि दर दोन तासांनी, तसेच पाण्यातून बाहेर आल्यावर, पुन्हा लावावे लागते. ५० मिलीची ट्यूब एका माणसाला दोन वेळाही पुरत नाही. चौघांना चार दिवस पुरवायचे म्हटले तर अर्धी बॅग ट्यूबांचीच होईल. अंग झाकले की चेहरा, मान, कान, हात आणि पावले एवढेच उरते, आणि तेवढ्याला तीच ट्यूब सात-आठ वेळा पुरते.

‘आपल्या सावळ्या कातडीला हे गोऱ्यांचे चोचले कशाला?’ हे घरोघरी ऐकू येते. आपल्या त्वचेतले मेलॅनिन काही प्रमाणात संरक्षण देते, हे मान्य. पण ते पुरेसे असते तर समुद्रावरून परतलेल्या मुलांचे खांदे दुसऱ्या दिवशी हुळहुळले नसते आणि नाकाचे सालपट निघाले नसते. ३० एसपीएफचे क्रीम पुरे. ५० आणि ३० मधला फरक जाहिरातीत दिसतो तेवढा मोठा नाही: एक सुमारे ९८ टक्के किरण अडवते, दुसरे ९७. घटक मात्र वाचून घ्यावेत. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनोक्सेट ही रसायने प्रवाळांना घातक ठरत असल्याच्या चिंतेतून हवाईने २०२१ पासून त्यांच्या विक्रीवर बंदी घातली. झिंक ऑक्साइडचे क्रीम चेहऱ्यावर थोडे पांढरे दिसते. दिसू द्यावे. सहा महिन्यांखालच्या बाळाला क्रीम लावायचेच नसते. त्याला सावलीत ठेवायचे.

जीनच्या पँटी घरी ठेवाव्यात. तिथल्या दमट हवेत त्या दोन दिवस वाळत नाहीत, आणि ओल्या जाड कापडाने जांघेत नायटा होतो तो परत आल्यावरही महिनाभर छळतो. पायांत मात्र कसर करू नये. घट्ट पट्ट्याचे रबरी सँडल, ज्यांना आपण फ्लोटर्स म्हणतो, प्रत्येकाला हवेतच. नीलवरचा दगडी पूल ओहोटीला पाहायचा असतो आणि तिथवर जायचे ते शेवाळलेल्या, अणकुचीदार खडकांवरून. साध्या चपला तिथे निसटतात. आणि पाच वाजता अंधार पडत असल्याने एक छोटी विजेरी ठेवावी. मोबाइलचा दिवा आहेच, पण तोच मोबाइल पाण्यात पडतो.

मराठी कुटुंबाची अंदमानची सहल बहुधा तीन पिढ्यांची असते, याचे कारण सेल्युलर जेल. १९११ ते १९२१ ही दहा वर्षे स्वातंत्र्यवीर सावरकर जिथे कोठडीत होते, ती जागा एकदा डोळ्यांनी पाहावी ही इच्छा आजी-आजोबांच्या मनात कितीतरी वर्षांची असते. त्यांच्यामुळे औषधांची पिशवी ही बॅगेतली पहिली वस्तू ठरते. रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या, थायरॉइडच्या रोजच्या गोळ्या सहलीच्या दिवसांहून तीन-चार दिवस जास्तीच्या घ्याव्यात आणि दोन वेगळ्या बॅगांत विभागाव्यात, म्हणजे एक बॅग उशिरा आली तरी दुसरी हाताशी राहते. इन्सुलिन चेक-इन सामानात कधीच टाकू नये. विमानाच्या पोटातल्या थंडीने ते गोठले तर निकामी होते. बोट लागणाऱ्यांनी उलटीची गोळी बोट सुटण्याआधी अर्धा-पाऊण तास घ्यावी, मळमळ सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग नसतो. इथे एक इशारा कळकळीने द्यावासा वाटतो. या गोळ्यांत पुष्कळदा प्रोमेथाझिन असते आणि दोन वर्षांखालच्या मुलांना ते देणे जिवावर बेतू शकते. गोळी अर्धी करून बाळाला भरवण्याचा घरगुती तोडगा इथे चालत नाही. डॉक्टरांना निघण्यापूर्वीच विचारावे.

जुलाब-उलटीसाठी ओआरएसची पुडी हवी. १९७१ च्या निर्वासितांच्या लोंढ्यात बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या याच पाण्याने असंख्य जीव वाचवले. पण मोठी पुडी एक लिटर पाण्यासाठी असते आणि आपण ती पेलाभर पाण्यात ढवळतो. तसे दाट पाणी मुलाच्या पोटात गेले तर फायद्याऐवजी अपायच होतो. म्हणून पाण्याच्या बाटल्यांतली एक बरोबर लिटरची असावी. बाटलीही होते, मापही होते. शिवाय जंतुनाशक, पट्ट्या, तापाचे औषध, डास पळवणारे मलम. प्रवाळाने खरचटलेली जखम दिसायला किरकोळ असते, पण दमट हवेत ती चिघळते. स्वच्छ पाण्याने आणि साबणाने धुऊन, कोरडी करून झाकावी आणि त्या मुलाला पुन्हा समुद्रात सोडू नये. हातात घालायचे फुगवटे मात्र संरक्षण म्हणून नेऊ नयेत. ते निसटतात, आणि मूल तरंगते आहे या समजुतीने मोठ्यांची नजर हटते. धाकट्याच्या मापाचे लाइफ जॅकेट बोटीवर मिळेलच असे नाही, म्हणून बुकिंग करतानाच विचारून ठेवावे.

खाण्याबद्दलचा आक्षेप प्रेमापोटी येतो: मुले तिथले खातील का? हॅवलॉक आणि नीलवर बंगाली निर्वासितांच्या वस्त्या आहेत. त्यामुळे वरण-भात, भाजी, मासे तिथे घरच्यासारखे मिळतात, आणि नीलला तर अंदमानचा भाजीचा मळाच मानतात. अर्धी बॅग फराळाने भरायचे कारण नाही. पण बोटीतल्या दोन तासांसाठी दशम्या, घट्ट झाकणाच्या डब्यात चिवडा आणि आजारी पोटासाठी मेतकूट, एवढी शिदोरी असावी. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या मात्र घेऊ नका. त्यातल्या तेलामुळे ते ज्वलनशील मानतात आणि विमानतळावर काढून घेतात. बारातांगच्या रस्त्याने जाणार असाल तर त्या वाटेवरच्या जंगलातल्या जारवा आदिवासींसाठी बिस्किटे न्यायचा विचारही मनात आणू नये. त्यांना खाऊ देणे, त्यांचे फोटो काढणे हा गुन्हा आहे. बाहेरच्या माणसांच्या जंतूंपासून आणि सवयींपासून त्यांना जपण्यासाठी हे नियम आहेत.

उरलेल्या गोष्टी थोडक्यात. सर्वांची मूळ ओळखपत्रे, मुलांची आधार कार्डेसुद्धा, आणि विमानाच्या व बोटीच्या तिकिटांच्या छापील प्रती. २०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालून केबल पोचल्यावर इंटरनेट सुधारले, तरी धाकट्या बेटांवर ते दगा देते आणि मग मोबाइलवरून पैसे देता येत नाहीत. दोन दिवस निभावतील एवढे रोख पैसे ठेवावेत. पॉवर बँक हातातल्या बॅगेत. २०,००० एमएएचची सुमारे ७४ वॉट-तासांची भरते, म्हणजे १०० च्या मर्यादेत बसते.

परतीच्या सामानाचा विचार निघतानाच करावा, कारण मुले किनाऱ्यावर शंख वेचतात आणि मोठ्यांनाही मोह आवरत नाही. प्रवाळाचा तुकडा, मेलेला आणि पांढराफटक पडलेला असला तरी, वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो. परतताना विमानतळावर सामान तपासतात तेव्हा असे तुकडे काढून घेतले जातात आणि मूल रडते. त्यापेक्षा एक वही आणि रंगीत पेन्सिली द्याव्यात, सापडलेला शंख तिथेच बसून काढायचा आणि वाळूत ठेवून यायचे. शंखांऐवजी बॅगेत एक जाड, घडीची पिशवी असू द्यावी. बेटावर कचरा जिरवायला जागा नाही, तिथल्या प्लॅस्टिकला बाहेर जायचे तर जहाजच लागते. संपलेले सेल, औषधांच्या रिकाम्या पट्ट्या, क्रीमच्या ट्यूबा त्या पिशवीत घालून आपल्याबरोबर घरी आणता येतात. जाताना भरलेले डबे परतताना रिकामे असतात, त्यामुळे तिचे ओझे होत नाही.