कोंडलेली हवा

कला शाखेच्या विद्यार्थ्याने वायूंच्या नियमांवर लेखणी चालवावी, हे काही वाचकांना विचित्र वाटेल. पण या नियमामागचा माणूस मला एखाद्या कादंबरीतच शोभला असता असे वाटते. गियोम आमोंताँ (१६६३-१७०५) हा फ्रेंच गृहस्थ तरुणपणीच बहिरा झाला आणि उपकरणे घडविण्यात रमला. काचेच्या गोळ्यात हवा कोंडून, नळीतील पाऱ्याच्या उंचीवरून तो तिचा दाब मोजी. १७०२ साली त्याने दाखविले की, आकारमान कायम असता उष्णतेबरोबर दाबही प्रमाणात वाढतो. मग त्याने उलटा विचार केला : हवा थंड करीत गेल्यास कधीतरी दाब उरणारच नाही, त्यापलीकडे थंडीच नाही! आज हा बिंदू उणे २७३.१५ अंश सेल्सिअस मानतात.

सारे मर्म या शून्यात आहे. तीसचे साठ अंश झाले की दाब दुप्पट, असे पुष्कळांना वाटते. पण मोजणी करायची ती उणे २७३ पासून. त्या हिशेबाने २७ अंश म्हणजे ३०० आणि ५७ अंश म्हणजे ३३०. दाब वाढला तो दहावा हिस्साच. स्कूटरच्या चाकात आपण '३० पौंड हवा' भरतो, तेव्हा मापक बाहेरच्या वातावरणाचे सुमारे १४.७ पौंड वगळून बोलत असतो. खरा दाब ४४.७. चाक तापून ५७ अंशांवर गेले, तर मापक साडेचौतीसच्या आसपास दाखवील. एवढ्याने चांगला टायर फुटत नाही.

घरच्या गॅसच्या टाकीला मात्र हे गणित लावू नये. तिच्यात द्रव असतो आणि तो तापला की त्यातून आणखी वायू सुटतो. तिच्यातील एक घटक प्रोपेन घ्या. त्याचा दाब २० अंशांना वातावरणाच्या आठपटींहून थोडा अधिक, तर ५० अंशांना सुमारे सतरापट! नुसता वायू असता, तर वाढ पुन्हा दहाव्या हिश्श्याचीच झाली असती. शिवाय द्रव स्वतःही फुगतो. म्हणून टाकी काठोकाठ भरत नाहीत.

गॅस संपत आला की टाकी गरम पाण्याच्या परातीत ठेवण्याची युक्ती कित्येक घरांत चालते. ज्योत मोठी होते खरी, पण टाकीत तोळाभरही गॅस वाढत नाही. उरलेला लवकर बाहेर येतो इतकेच. आणि हलवून पाहिलेली टाकी खरोखरच रिकामी होत आली आहे, की नुसता अंदाज चुकला आहे, हे परात मांडणाऱ्याला ठाऊक नसते.