आज्ञावलीचा वजनकाटा

शिरोळ तालुक्यात नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. २००५, २०१९ आणि २०२१ साली या तालुक्याने मोठे पूर पाहिले. पावसाळ्यात इथे जो तो एक आकडा विचारतो : वर कोल्हापूरला, राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा किती फुटांवर आहे? ३९ फूट ही तिथली इशारा पातळी, तर ४३ फूट ही धोका पातळी.

समजा, मीटरमधली पातळी फुटांत सांगणारी आज्ञावली तुमच्या शाळेने 'आर' या संगणकभाषेत लिहिली. रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात १९९० नंतरच्या दशकात ही भाषा रचली. ती विनामूल्य आहे. एका कामाच्या आज्ञावल्या, त्यांची माहिती आणि चाचण्या एकत्र बांधल्या की त्याला 'पॅकेज' म्हणतात. उसाची मोळीच म्हणा ना! 'क्रॅन' या जागतिक भांडारात अशी २० हजारांहून अधिक पॅकेजे आहेत.

एका शून्याची करामत

एक फूट म्हणजे ०.३०४८ मीटर. म्हणून १३.१०६४ मीटरला ०.३०४८ ने भागले की बरोबर ४३ फूट येतात. आता कोणी दुरुस्ती करताना मधले शून्य गाळले आणि ०.३४८ लिहिले, तर? उत्तर येते सुमारे ३७.६६ फूट! नदी धोका पातळीवर असताना आज्ञावली सांगेल की अजून इशारा पातळीही आलेली नाही. संगणक मात्र तक्रार करणार नाही, कारण भागाकार त्याने अचूकच केलेला असतो.

काटा कसा चालतो?

साखर कारखान्यावर आलेली उसाची गाडी आधी काट्यावर जाते, मगच गव्हाणीकडे. गाडी कोणाचीही असो, काटा चुकत नाही. आज्ञावलीतील प्रत्येक बदलालाही असाच काटा लावण्याच्या पद्धतीला 'कंटिन्युअस इंटिग्रेशन', म्हणजे सतत जोडणी व तपासणी, म्हणतात. 'गिटहब ॲक्शन्स' ही त्यासाठीची सोय २०१९ साली सर्वांना खुली झाली.

यासाठी पॅकेजासोबत 'यॅमल' पद्धतीची एक छोटी फाईल ठेवतात. तिच्यात मुख्यतः तीन गोष्टी असतात.

१. केव्हा? – नवा बदल येताच, किंवा ठरलेल्या वेळी. ही वेळ जागतिक प्रमाणवेळेत लिहितात. तिथले शून्य वाजले की शिरोळला पहाटेचे साडेपाच वाजतात.

२. कुठे? – विंडोज, मॅक आणि लिनक्स यंत्रांवर, 'आर'च्या जुन्या, चालू व येऊ घातलेल्या आवृत्त्यांवर.

३. काय? – 'आर' बसव, लागणारी इतर पॅकेजे आण, सर्व चाचण्या चालव.

या फाईलमध्ये ओळीपुढच्या मोकळ्या जागेलाही अर्थ असतो. जागा चुकली की सूचनेचा अर्थ बदलतो, नाहीतर फाईल वाचलीच जात नाही.

बदल दाखल होताच दूरवरची यंत्रे कामाला लागतात. सर्व जमले तर हिरवी खूण, नाही तर लाल फुली. फुली असेपर्यंत बदल मुख्य आज्ञावलीत घ्यायचा नाही, असा नियमही घालता येतो.

हिरव्या खुणेचा अर्थ

मग हिरवी खूण म्हणजे सारे बरोबर का? मुळीच नाही! '१३.१०६४ मीटरचे उत्तर ४३ फूट आलेच पाहिजे' ही चाचणी तुम्ही लिहिली असेल, तरच ते हरवलेले शून्य सापडेल. लिहिली नसेल, तर यंत्र चुकीच्या आज्ञावलीलाही हिरवी खूण देईल. यंत्र न कंटाळता तपासते. काय तपासायचे, हे मात्र माणसानेच ठरवायचे असते.

आता ३९ फुटांसाठी अशीच चाचणी तुम्ही लिहा. आधी गुणाकार करून मीटर काढा. उत्तर ११.८८७२ आले ना?